सम साल, विषम साल

९ जानेवारी २०२३, सोमवार

युनहीनं ही वही पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं गंजणार नाही." मी तक ब्योंगहो, उभा जन्म तालुक्याची बस चालवली, घाटाच्या वळणावर एकही म्हातारी सीटवरून घसरू दिली नाही. माझं डोकं गंजायला ते काय जुनं मडगार्ड आहे? पण लेकीनं सांगितलंय, तर लिहितो. रोज मात्र नाही. आमच्या सोलगोलमध्ये रोज लिहिण्यासारखं घडतंय काय?

आज थोडं घडलं. आरोग्य विम्याचा निरोप आला. दर दोन वर्षांनी सरकार आम्हा म्हाताऱ्यांची नखशिखांत तपासणी करतं. रक्त, छाती, डोळे, कान, आणि पोटात दुर्बीण. सम सालात जन्मलेल्यांनी सम साली जायचं, विषमवाल्यांनी विषम साली. यंदा विषम.

"अहो, यंदा तुमची पाळी," ओकबुन म्हणाली.

"माझी कशी? मी ड्रॅगनच्या सालचा. बावन्नचा. सम."

"कागदावर त्रेपन्न आहे."

"कागद काय बाळंतिणीच्या खोलीत बसला होता?"

मी खोटं बोललो नाही. थोरल्या भावानंतरची नि माझ्या आधीची दोन भावंडं अंगावर पीत होती तेव्हाच गेली. म्हणून बापानं माझं नाव लगेच नोंदवलं नाही. वर्षभर थांबला, हे पोर राहतंय का बघायला. राहिलं, तेव्हा गेला कचेरीत. माझ्या वयाच्या लोकांत असे पुष्कळ. तर सम साल आलं की मी कागद पुढे करतो आणि विषम आलं की ड्रॅगन. आजवर सरकारला आणि ओकबुनला असाच गुंगारा देत आलोय.

आणि ही काही थट्टा नव्हे. थोरल्या भावाचं पोट दुखायचं. नेला, उघडला, आत बघितलं आणि तसाच शिवून घरी पाठवला. भातलावणी झाली होती तेव्हा, कापणीला तो नव्हता. त्यावरून मी काय ते शिकलो. बघितलं की सापडतं. मला भीती वाटते, इथे लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचणार.

६ फेब्रुवारी

ओकबुन महिला मंडळाची अध्यक्ष झाली! आजवर सभेत मागं बसून लसूण सोलणारी बाई. कोणी नाव सुचवलं नाही, काही नाही, स्वतःच हात वर करून म्हणाली, "मी होते." मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

आज सकाळी गावच्या भोंग्यावरून तिचा आवाज आला तेव्हा मी दात घासत होतो. "सोलगोलकर हो, ऐका. यंदा तपासणीला सगळ्या गावानं मिळून जायचं. साल सम असो की विषम. मागच्या वर्षी ज्यांचं राहिलं त्यांचं यंदा होतं, विम्याच्या लोकांना मी विचारलंय. गावच्या गाडीनं जायचं, गाडी आमचे हे चालवतील. सबबी घेऊन माझ्याकडे येऊ नका, माझ्या घरात भरपूर आहेत."

शब्द कसे सुटसुटीत, आवाज कसा खणखणीत. चाळीसहून जास्त वर्षं संसार केला आणि बाईत भोंगा आहे हे मला आज कळलं. शेजारचे मेंगदादा कुंपणावरून हसत म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा!" कशावरून म्हणाले कोण जाणे. ऐंशी उलटलीये त्यांची, काहीबाही बोलतात.

१४ मार्च

पहिली खेप. गाडी बारा जणांची, भरून निघाली. काल ओकबुननं भोंग्यावरून बजावलं होतं की रात्री नऊनंतर कोणी काही खायचं नाही. सकाळी मेंगदादा गाडीत चढले ते ओठाला कॉफीचा फेस घेऊनच.

"दादा, काही खायचं नव्हतं ना!"

"मग कॉफी काय खातात का?"

झालं, त्यांना पुढच्या खेपेत ढकललं. पण उतरायच्या आधी त्यांनी आपला शौचाचा नमुना शेजारी बसलेल्या बोंगनेकाकूंच्या मांडीवर दिला. चमचाभर पुरे असं सांगितलं होतं, यांनी किमचीच्या लोणच्याचा डबा भरून आणलेला. काकू तोंड वळवून म्हणाल्या, "मेल्या, सरकारला जेवायला घालतोस काय?" थंडी मरणाची, तरी तालुक्यापर्यंत सगळ्या काचा खाली.

तिथं एकेकाला हाक मारून आत नेतात, निळा झगा घालतात, पोरीसारख्या नर्सेस हाताला धरून या खोलीतून त्या खोलीत नेतात. बोंगनेकाकूंना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की आजी, तुम्हाला उदास वाटतं का. काकू परतीच्या वाटेवर सगळ्यांना तेच सांगत होत्या. चांगलं करतात, खोटं कशाला बोलू.

ओकबुन गाडीपाशी आली. "आलाच आहात तर आत या ना. सम असा की विषम, यंदा तुम्ही दोन्हीकडून सापडलात."

माझी जरा पंचाईत झाली. पण देव पाठीशी होता. दाराशीच पाटी, गुंगीचं इंजेक्शन घेतलेल्यांनी त्या दिवशी वाहन चालवू नये. आणि जागेपणी नळी गिळणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, मला दात घासतानाच उमासा येतो. "बघ," मी म्हटलं, "मला गुंगी दिली तर या म्हाताऱ्यांना घरी कोण नेणार? नियम सरकारचा आहे, माझा नाही."

ती गियरच्या दांड्याकडे बघत उभी राहिली. पहिल्यांदाच निरुत्तर झाली बिचारी.

११ एप्रिल

ओकबुन गाण्याच्या क्लासला जायला लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी, तालुक्याला. या वयात नवं काही शिकायची हौस मला आवडली. मी म्हटलं एखादं म्हणून दाखव. म्हणाली, अजून सूर लागायचाय.

२८ एप्रिल

क्लासहून आली की हिची डावी पोटरी दुखते. मी औषधी पट्टी लावून दिली. "अगं, गाण्यानं पोटरी कशी दुखते?"

"पायानं ताल धरते."

"डाव्या?"

"मास्तर डावखुरे आहेत."

जेवताना विचारत होती, चढावर गाडी थांबवली आणि पुन्हा सुटली की मागं का येते. म्हटलं, वा, नवऱ्याचा धंदा काय होता याची आठवण झाली म्हणायची! भाताची वाटी म्हणजे गाडी आणि तिरकं धरलेलं ताट म्हणजे चढ, असं करून सगळं दाखवलं. क्लच कुठवर आला की गाडी थरथरते, ती थरथर कशी तळपायाला कळते, मग ब्रेक कसा हळूच सोडायचा. ती इतकं मन लावून ऐकत होती की भात निवला. बायको आपलं बोलणं असं ऐकते तेव्हा माणसाला फार बरं वाटतं.

२८ जून

आजपासून सरकारनं सगळ्या देशाचं वय कमी केलं. जन्मताच एक आणि दर नव्या वर्षाला आणखी एक, ही आपली जुनी मोजणी बंद, आता वाढदिवसाला एकच वर्ष धरायचं. मेंगदादा त्र्याऐंशीचे एक्क्याऐंशी झाले. झाल्या झाल्या गावच्या हॉलमध्ये येऊन बोंगनेकाकूंना म्हणाले, "आता मी तुझ्यापेक्षा लहान दिसतो की नाही?" काकू म्हणाल्या, "माझंही कमी झालंय, गाढवा."

हसता हसता ओकबुन माझ्याकडे वळली. "सरकारनं सगळ्यांचं एकदाचं ठरवून टाकलं. तुमचं कधी ठरायचं?"

मी चपला शोधायला उठलो. हसणारे हसले.

१९ ऑगस्ट

मिरच्या वाळत घातल्यात, अंगण लाल झालंय. मला मात्र मिरचीचा नुसता वास आला तरी छातीखाली जळजळतं. वसंतापासून आहे. वय झालं, दुसरं काय. गोळ्या गाडीतल्या खणात ठेवतो, उगाच घरात बोभाटा नको. तिखट रस्सा कुत्र्याला घालतो, ती पाठमोरी असते तेव्हा. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालंय.

गंमत अशी की हल्ली ओकबुनलाच तिखट सोसत नाही. रोज सकाळी भाताची पेज, संध्याकाळी वाफवलेला भोपळा. म्हणते, माझं पोट नाजूक झालंय. आणि एकटीसाठी काय वेगळं करायचं म्हणून मलाही तेच वाढते. मला आयतंच बरं पडलं. पण काळजी वाटली म्हणून मी रागावलो. "जगाला तपासायला नेतेस, स्वतःचं पोट दाखव की एकदा. असं अंगावर काढू नये."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "खरंय. अंगावर काढू नये."

चार गोष्टी समजावून सांगितल्या की ऐकते ती, तसं नाही.

१२ सप्टेंबर

ओकबुन रडत घरी आली. मी हातातला विळा टाकून धावलो. म्हणाली, क्लासमध्ये परीक्षा होती, सगळ्यांसमोर चुकले. पुन्हा चुकले.

"किती वेळा झालं असं?"

"ते विचारू नका."

कधी रडत नाही ही. थोरला भाऊ गेला तेव्हा त्याचं सगळं हिनंच केलं, तेव्हाही आम्ही रडलो, ही रडली नाही.  मग मी तिला आजवर कोणाला न सांगितलेलं सांगितलं. बसच्या परीक्षेत मीसुद्धा पहिल्यांदा चढावरच नापास झालो होतो. गाडी घरंगळत मागं गेली आणि साहेबाच्या सायकलवर चढली. "भीतीनं पाय ताठतो ना, म्हणून होतं. श्वास सोडायचा आधी, मग पाय. घाई कोणाला आहे? मागचे थांबतील."

ती रडता रडता हसायला लागली. "मागचे थांबतील," असं दोनतीनदा म्हणाली. माझा दृष्टान्त ड्रायव्हिंगचा होता, पण गाण्यालाही लागू पडला असावा.

२३ ऑक्टोबर

आज माझा पारा चढला होता. सकाळी भोंगा.

"सोलगोलकर हो, अभिनंदन. गावातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मेंगदादांच्या आतड्यातला मांसाचा कोंब वेळेवर निघाला, बोंगनेकाकूंना मधुमेहाच्या गोळ्या चालू झाल्या. एकच माणूस राहिलाय. मी नाव घेणार नाही. तो पूर्वी बस चालवायचा."

मी तसाच चपला घालून हॉलवर गेलो. भर सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, सतरांदा सांगितलं! जागेपणी मला जमत नाही आणि गुंगी घेतली तर गाडी—"

तिनं पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. तिचा फोटो, ओठ घट्ट मिटलेले, केस आदल्या दिवशी कुरळे केलेले. लायसन्स. तेही साधं नाही, पहिल्या वर्गाचं, एकटनी ट्रकवर परीक्षा देऊन मिळतं ते. आमची बारा जणांची गाडी त्याच्यावर चालते.

"गाण्याचा क्लास?" मी विचारलं.

"सूर लागला," ती म्हणाली.

एप्रिलपासून ताकास तूर लागू दिली नाही बाईनं! सदुसष्टाव्या वर्षी! मेंगदादा टाळ्या वाजवत होते. त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, कुत्र्यालाही असेल.

"चावी द्या," ती म्हणाली.

गावच्या मोठ्या झाडाखालचा चढ आहे ना, तिथं मी तिला बरोबर मध्यावर थांबायला सांगितलं. थांबली. श्वास सोडला, मला ऐकू आला. क्लच सुटला, गाडी थरथरली आणि पुढं गेली. चाकामागं अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं. माझ्या हाताखाली तरणीताठी पोरं शिकली, त्यातल्या निम्म्यांना हे कधी जमलं नाही. मला रडू आलं. डोळे पुसलेही नाहीत मी.

"पण एवढा खटाटोप कशासाठी केलास?"

"गावाला एकच ड्रायव्हर असून कसं चालेल?"

दूरदृष्टी बघा. अध्यक्ष उगाच होत नाही माणूस. आता मला कोणतीच सबब उरली नाही, तो भाग वेगळा.

७ नोव्हेंबर

झालं एकदाचं.

मी शेजारच्या सीटवर, उजवा पाय वाटभर जमिनीला दाबून धरलेला. तिथं ब्रेक नाही हे पायाला कोण सांगणार? झगा घातला. नर्सला म्हटलं, "पोरी, आत काही दिसलं तर मला सांगू नकोस." ती म्हणाली, "आजोबा, मग कोणाला सांगू?" मी ओकबुनकडे बोट दाखवलं. पुढचं आठवत नाही.

जागा झालो तर ओकबुन उशाशी. डॉक्टरांनी एक छोटा तुकडा तपासायला काढलाय म्हणाली. नेहमीचंच असतं म्हणे. घरी येताना मी गुंगीत काहीबाही बडबडत होतो. काय बोललो ते ती सांगत नाही. नुसती हसते आणि डोळे पुसते.

१७ नोव्हेंबर

सापडलं.

माझंच खरं झालं, बघितलं की सापडतं. डॉक्टर बोलत होते आणि माझ्यासमोर थोरला भाऊ उभा होता.  मग ओकबुननं विचारलं, "साहेब, किती आत गेलंय?" एकदम स्पष्ट, भोंग्यावरच्या आवाजात.

"अगदी वरच्या थरात आहे. सुरुवात आहे. पोट उघडायची गरज नाही, दुर्बिणीतूनच सोलून काढता येईल. यंदा आलात ते फार बरं केलंत. पुढच्या पाळीपर्यंत थांबला असतात तर मी असं बोलत नसतो."

पुढची पाळी. तेव्हा मी ड्रॅगन काढला असता. मी तिथं बसून हिशेब लावला. थोरल्याच्या पोटातही कधीतरी हे असंच वरच्या थरात असणार. कोणी बघितलं नव्हतं, एवढंच.

गाडीपाशी आलो. ओकबुननं चावी फिरवली आणि फाटकातच इंजिन बंद पडलं. हिचं इंजिन हल्ली बंद पडत नाही. मागं कोणीतरी हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "थांबतील मागचे." तिनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. 

२६ नोव्हेंबर

हिवाळ्याची किमची घातली. सगळ्या बाया आमच्या अंगणात, कोपरापर्यंत लाल. एका कोपऱ्यात ओकबुननं वेगळा माठ भरला, बिनमिरचीची, पांढरी. मी म्हटलं, तुझ्या नाजूक पोटासाठी का? बोंगनेकाकू इतक्या हसल्या की कोबी हातातून सुटला. "माझं पोट बरंय," ओकबुन म्हणाली, "परवाच मी काकूंकडे तिखटजाळ मासा खाऊन आले." मग उन्हाळाभर पेज कशाला खाल्ली ते काही सांगितलं नाही. बायकांचं काही कळत नाही.

२४ डिसेंबर

घरी आलो. सगळं निघालं. कडा स्वच्छ आहेत असं डॉक्टर म्हणाले. अधूनमधून दुर्बीण घालावी लागेल, सम साल असो की विषम. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी खायची लाल चवळीची पेज दोन दिवस उशिरा खाल्ली, पातळ करून दिली होती तिनं. इतकी गोड पेज मी जन्मात खाल्ली नाही.

काल गावची सभा झाली. सगळ्यांनी हात जोडून ओकबुनला सांगितलं की पुढच्या वर्षीही तूच हो. ही सरळ नाही म्हणाली. "माझं काम झालं."

मला पटलं नाही. कसलं काम झालं? हॉलचं छप्पर गळतंय, मंडळाची कितीतरी कामं तशीच पडलीत. एवढी कर्तबगार बाई, सगळं गाव तपासून आणलं, त्यात माझंही आपोआप उरकून गेलं, आणि आता ऐन रंगात आली असताना हात झटकते. मेंगदादांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ब्योंगहो, तू बस उत्तम चालवायचास," आणि निघून गेले.

एक लिहायचं राहिलं. दवाखान्यात भरती करताना नर्सनं मनगटाला पट्टा बांधायला माझा हात धरला आणि जन्मसाल विचारलं. सवयीनं माझं तोंड उघडलं, पण या वेळी कोणतं सांगायचं तेच सुचेना. मी ओकबुनकडे बघितलं.

"कागदावर त्रेपन्न," ती म्हणाली. "खरं बावन्न."

"मग एक वर्ष गेलं कुठे?" पोरगी नवीन होती.

"त्यांचे वडील थांबले होते. पोर राहतंय का बघायला."

नर्सनं पट्ट्यावर त्रेपन्न लिहिलं. हसत विचारलं, "मग?"

ओकबुननं माझा दुसरा हात धरलेला होता. तो तिनं सोडला नाही.

"राहतंय," ती म्हणाली.